गेम खेळताना पीसी बंद पडतो? आधी तो कसा पडतो ते बघा

माझं काम कोल्हापुरात उद्यमनगरात, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) आणि लेथ मशीनच्या मेंटेनन्सचं. मशीन बंद पडलं म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा एकच विचारतो: बंद पडलं म्हणजे नेमकं काय झालं? स्क्रीन चालू आहे का, अलार्म कुठला आला, हायड्रॉलिकची मोटार फिरते का, की सगळंच एकदम गेलं? ऑपरेटरनं एवढं नीट सांगितलं तर निम्मं काम फोनवरच होतं. माझ्या भाच्याच्या गेमिंग पीसीवर दोन महिने आणि सात-आठ हजार रुपये गेले, ते हा प्रश्न कुणीच विचारला नाही म्हणून. तीच वेळ दुसऱ्या कुणावर येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आक्काचं घर मंगळवार पेठेत. जुनं घर, वर एक खोली वाढवलेली, तिथं भाच्याचं टेबल. पीसी २०२२ मध्ये असेंबल करून घेतलेला: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आठ-आठच्या दोन काड्या मिळून १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या भागांना वीज पुरवणारा भाग. पहिली दोन-अडीच वर्षं काही त्रास नव्हता. मग गेम खेळता खेळता पीसी जायला लागला. इंटरनेट, अभ्यास, पिक्चर असलं काही चालू असताना कधीच नाही. फक्त गेम चालू असताना. आठवड्यात तीन-चार वेळा. वॅलोरंट या गेमची मॅच मध्येच सुटली की संघातले बाकीचे चौघं अडकतात आणि गेम आपल्याला शिक्षा करतो ती वेगळीच. पोरगं रडकुंडीला आलेलं.

दुकानात नेला. त्यांनी फॉरमॅट मारला. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी परत तेच. पुन्हा नेला, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलली. पुन्हा तेच. मग रॅमची एक काडी खराब आहे म्हणून ती काढून दुसऱ्या कंपनीची टाकली. तरीही तेच. गंमत म्हणजे दुकानात दोन-दोन दिवस चालू ठेवला तरी तो एकदाही पडला नाही. शेवटी त्यांचं म्हणणं आलं, ग्राफिक्स कार्डच गेलं असणार, नवं घ्या. पंचवीस-तीस हजारांचा विषय. तेव्हा आक्कानं मला फोन केला.

पडण्याच्या तऱ्हा

'क्रॅश' हा एकच शब्द आपण पाच-सहा वेगवेगळ्या आजारांना वापरतो. तो मोडून बघितला पाहिजे.

प्लग उपटल्यासारखा सगळा अंधार झाला, पंखे थांबले, कॅबिनेटमधले दिवे गेले, तर वीज कुठंतरी तुटली. भिंत, एक्स्टेंशन बोर्ड, यूपीएस (वीज गेली की बॅटरीवर पीसी चालू ठेवतो तो), एसएमपीएस यांपैकी काहीतरी. प्रोसेसर जीवघेणा तापला तर मदरबोर्डही असाच फटकन पीसी बंद करतो, तेही लक्षात ठेवा.

स्क्रीन काळी झाली, पण पंखे फिरतायत आणि हेडफोनमध्ये मित्रांचा आवाज अजून येतोय, तर पीसी जिवंत आहे. चित्र गेलं आहे. इथं संशय कार्ड, कार्डाची पॉवर केबल आणि ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर. चित्र जागेवर थिजलं आणि आवाज 'टर्रर्र' करत एकाच जागी अडकला, तर रॅम, प्रोसेसर किंवा एसएसडीकडे (फाइली साठवायच्या डिस्ककडे) बघायचं. निळा स्क्रीन आला तर उलट बरंच म्हणायचं, कारण त्यावर आजाराचं नाव लिहिलेलं असतं. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि पीसी चालूच राहून नुसता गेम बंद होऊन डेस्कटॉप दिसला, तर तो वेगळाच आजार. पुढं भाच्याच्या पीसीला तोही जडला, त्याबद्दल नंतर सांगतो.

याच्या जोडीला अजून एक गोष्ट बघायची आणि ती नव्वद टक्के लोक बघत नाहीत: पीसी पडला त्या क्षणी मॉनिटरचा छोटा दिवा. दिवा लागलेला आहे आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल' आलं, तर मॉनिटरला वीज आहे आणि गडबड कॅबिनेटच्या आत आहे. मॉनिटरचा दिवाही विझला, तर गडबड कॅबिनेटच्या बाहेर आहे. कॅबिनेट उघडायची गरजच नाही.

भाच्याला विचारलं, मॉनिटरचा दिवा राहतो का जातो? त्याला सांगता येईना. "मामा, तसं काय बघितलंच नाही. एकदम जातंय सगळं."

म्हटलं, मग मी बसतो.

दोन संध्याकाळी

पहिल्या संध्याकाळी मी कॉटवर आणि तो टेबलाशी. साडेसात ते दहा खेळला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पावणेआठच्या सुमारास टेबलाखालून 'टक्' असा आवाज आला, त्यापाठोपाठ बीपचा अर्धवट तुकडा, आणि सगळं गेलं. मॉनिटरचा दिवासुद्धा. भाचा वैतागून मागं टेकला आणि पायाच्या अंगठ्यानं टेबलाखालचं एक बटण दाबलं. मग कॅबिनेटचं बटण दाबलं. पीसी सुरू झाला.

"ते खाली काय दाबलंस?"

"यूपीएस. तो बी बंद होतोय ना, चालू कराय लागतोय."

दोन महिने तो दर वेळी यूपीएस चालू करत होता आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा दोष नाही. त्याच्या डोक्यात आजारी होता तो पीसी. यूपीएस म्हणजे टेबलाखालचा डबा. दुकानात पीसी का पडत नव्हता हेही इथं कळलं. कॅबिनेट दुकानात जायचं, यूपीएस घरीच राहायचा.

तरी मी लगेच यूपीएस बदलायला सांगितलं नाही. एका आवाजावरून निदान केलं तर आपणही त्या कार्ड बदला म्हणणाऱ्यांच्याच रांगेत बसतो. आधी नोंदी काढल्या.

विंडोजमध्ये स्टार्टला 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज'मधलं 'सिस्टिम' उघडा. आमच्या सीएनसीला अलार्म हिस्टरी असते, तसंच हे. तिथं 'कर्नेल-पॉवर ४१' ही लाल नोंद बहुतेक सगळ्यांना सापडते, आणि तिथंच लोकांची फसगत होते. पॉवर असं नाव आहे म्हणून एसएमपीएस खराब, असं धरून चालतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. ती पुन्हा सुरू झाल्यावर लिहिली जाते. तिच्या 'डिटेल्स'मध्ये जाऊन 'बगचेककोड' वाचा. तिथं शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: वीज गेली, किंवा सगळं ठार थिजलं आणि तुम्हीच बंद केलं. आकडा असेल तर निळ्या स्क्रीनचा तो कोड. २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरनं वेळेत उत्तर दिलं नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनं स्वतः चूक कळवली. मग 'व्हिया-लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदीही शोधा. त्या ४१ च्याच 'डिटेल्स'मध्ये 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प'समोर शून्याशिवाय काही असेल, तर कुणीतरी बटण दाबून धरून पीसी बंद केला होता.

आमच्याकडे सगळीकडे शून्य. मग '६००८' क्रमांकाच्या नोंदी फिल्टर केल्या, कारण त्यात मागच्या वेळी पीसी नेमका कधी गेला ती वेळ येते. फॉरमॅट मारल्यामुळं जुन्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या, याचं मला खरंच वाईट वाटलं. हातातला पुरावा गेला. तरी नंतरच्या अकरा सापडल्या. वहीत तारखा आणि वेळा उतरवल्या. अकराच्या अकरा संध्याकाळी सात ते नऊमधल्या. आणि तारखा बघितल्या तर जवळजवळ सगळ्या एकाआड एक.

मी त्या तारखा मोठ्यानं वाचत होतो. आक्का चहा घेऊन वर आली होती. म्हणाली, "हे तर पाण्याचे वार की रे."

त्या वेळी त्यांच्या गल्लीत दिवसाआड पाणी येत होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती दुधाच्या खुणेशेजारी पाण्याच्या दिवशी निळ्या पेनानं टिंब देते. कॅलेंडर भिंतीवरून काढून वहीशेजारी ठेवलं. दहा तारखांवर टिंब होतं. अकराव्या दिवशी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, शेजारच्यांच्या टाकीसाठी मोटार लावली होती.

आजार हुकमी आणायचा

अधूनमधून येणारा आजार पकडायचा एकच रस्ता मला माहीत आहे: तो आपल्याला हवा तेव्हा आणता आला पाहिजे. पाणी आलं की गल्लीतल्या मोटारी लागतात. मोटार सुरू होताना पहिला क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि तेवढ्यापुरतं व्होल्टेज खाली बसतं. भाच्याच्या खोलीतल्या सॉकेटला मी मल्टिमीटर लावला, कमीत कमी आकडा धरून ठेवायच्या सेटिंगवर. एरवी २२४. आक्कानं खाली मोटार चालू केली, तर क्षणभर १३६. (हे काम २३० व्होल्टच्या जिवंत सॉकेटवरचं आहे. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, स्वतः करू नका.)

मग गेम लावला. मोटार चालू, बंद, परत चालू. दुसऱ्या वेळेला 'टक्', म्हणजे व्होल्टेज बसलं म्हणून यूपीएस बॅटरीवर गेला, आणि सगळं गेलं. नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून तेच केलं: 'टक्' झालं, बीप आला, पीसी आरामात चालू. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा चालू. आता पीसी आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवरून काढून थेट भिंतीला लावले आणि गेम चालू ठेवून मोटार सहा वेळा सुरू केली. दिवा मिणमिणला, पीसी एकदाही हलला नाही. त्यात नवल नाही. एसएमपीएसच्या लेबलवर बघा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर १३६ ला तो कुरकुरत नाही.

म्हणजे ग्राफिक्स कार्ड, रॅम, विंडोज, सगळे निर्दोष. पंचवीस-तीस हजार वाचले.

पण गेम चालू असतानाच का? हा हिशेब प्रत्येकानं आपापल्या घरी करावा. ३०६० कार्ड भर लोडवर १७० वॉट घेतं. प्रोसेसर पाऊणशे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीस-पन्नास. झाले २९० च्या आसपास. एसएमपीएस भिंतीकडून घेतो त्यातलं थोडं उष्णतेत घालवतो, म्हणून भिंतीकडचा आकडा ३४० च्या घरात. वर मॉनिटरचे पंचवीस. आणि यूपीएस कुठला? ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). हा आकडा वाचून लोकांना ६०० वॉट वाटतं, पण असल्या यूपीएसच्या मागं बारीक अक्षरात ३६० वॉट लिहिलेलं असतं. म्हणजे गेम चालू असताना तो काठावर उभा. डेस्कटॉपवर हाच पीसी ऐंशी-नव्वद वॉटवर भागवतो, तेव्हा यूपीएसला काहीच जड नाही.

त्यात बॅटरी. आत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवरची) एकच असते. ३६० वॉट द्यायचे तर तिच्यातून तीस-पस्तीस अँपिअर निघाले पाहिजेत. नवी बॅटरी थोडी मिनिटं देते. ही तीन वर्षं जुनी. बाहेर काढून मोजली तर १२.५ व्होल्ट, आणि तेवढं बघून कुणीही चांगली आहे म्हणेल. मी तिला गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावला. अर्ध्या मिनिटात १०.१. बल्बचा पांढरा उजेड डोळ्यांदेखत तांबूस झाला. पंचावन्न वॉटला जी बसते, ती साडेतीनशेला काय उभी राहणार? म्हणून सांगतो, बॅटरी नुसती मोजू नका, लोड टाकून मोजा. बल्ब नसेल तर सोपी चाचणी: पीसीवर काही महत्त्वाचं उघडं नसताना, नुसत्या डेस्कटॉपवर, यूपीएसचा भिंतीकडचा स्विच बंद करा आणि किती वेळ तग धरतो ते बघा. मिनिटभरही नाही, तर बॅटरी संपली.

व्होल्टेज एवढं का बसतं, हाही प्रश्न होताच. एका घरगुती मोटारीनं २२४ वरून १३६ म्हणजे जास्तच. मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या टर्मिनलचा स्क्रू सैल, वायरचं टोक काळवंडलेलं, इन्सुलेशन बोटभर वितळून कडक झालेलं. टोक कापून नवं केलं, स्क्रू आवळला. तेवढ्यानं मोटार लागतानाचा आकडा १८० च्या वर राहायला लागला. पीसीचं सोडा, हे असंच राहिलं असतं तर बोर्डला आग लागली असती. जुन्या घरात राहता आणि मोटार लागली की दिवे बसतात, तर पीसी असो नसो, वायरमनकडून टर्मिनल आवळून घ्या. याच आठवड्यात घ्या.

यूपीएसला दोन पर्याय होते. नवी बॅटरी हजाराच्या आसपास. पण ३६० वॉटचा काठ तसाच राहिला असता. म्हणून ११०० व्हीए, ६६० वॉटचा घेतला. घेताना अजून एक बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर गुळगुळीत लाट देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात, आणि चांगल्या प्रतीच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. प्युअर साइन वेव्हचे महाग पडतात. दुकानदाराशी बोलून ठेवा: घरी नेऊन गेम चालू असताना प्लग काढून बघणार, पीसी पडला तर परत आणणार.

दुसरा आजार, जो आपणच आणलेला

यूपीएस बदलला, आठवडाभर सगळं शांत. मग भाच्याचा फोन. "मामा, परत गेला बघा." या वेळी मात्र तो पुढं आपणहून म्हणाला, "पण मॉनिटर चालू हाय. पीसी बी चालू हाय. नुसता गेम गेला." मला फार बरं वाटलं. पोरगं बघायला शिकलं होतं.

दोन-तीन दिवसांत एकदा निळा स्क्रीनही आला: 'मेमरी मॅनेजमेंट'. मग वहीत मागं गेलो. या दोन महिन्यांत पीसीच्या आत काय बदललं होतं? दुकानात बसवलेली दुसऱ्या कंपनीची रॅमची काडी. विजेच्या आजारात हा आजार झाकला गेला होता.

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन, त्यावरून पीसी सुरू करून रात्रभर लावला. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. दुसऱ्याच फेरीत लाल रेघा. रॅमच्या चाचणीत एक चूकसुद्धा चालत नाही. शंभरात एक चालेल असलं काही नसतं. मग एकेक काडी एकटी लावून तपासली. दोन्ही चोख. दोघी एकत्र लावल्या की चुका. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायची सोय) चालू होतं, म्हणजे रॅम ३२०० च्या वेगावर. एकाच पाकिटातून आलेली जोडी त्या वेगावर एकत्र तपासलेली असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या काड्यांची कुणी हमी देत नाही. वेग २९३३ वर आणला, चार फेऱ्या स्वच्छ. गेममध्ये भाच्याला फरक जाणवला नाही. आजतागायत तसाच चालू आहे.

माझा आग्रह इथं आहे. चांगली काडी काढून बेजोड काडी घातली गेली, कारण निदानाआधी भाग बदलला. एका वेळी एकच बदल करा, तो तारखेसह वहीत लिहा, आणि गुण आला नाही तर तो बदल मागं घ्या. मागं न घेतलेला प्रत्येक बदल म्हणजे नवा संशयित.

तुमचा पीसी वेगळ्या तऱ्हेनं पडत असेल तर

मॉनिटरचा दिवा राहतो आणि कॅबिनेट मात्र बंद पडतं किंवा आपोआप रिस्टार्ट होतं: पहिल्यांदा कार्डाची पॉवर केबल. आठ पिनी जोड सहा अधिक दोन असा दुभंगलेला असतो, त्यातले दोन अर्धवट बसलेले मी बघितलेत. क्लिक ऐकू येईपर्यंत दाबा. कार्डाला दोन जोड लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली आणा, एकाच केबलीच्या दोन शेपट्या नकोत. नंतर ओसीसीटी नावाच्या प्रोग्रॅममधली पॉवर चाचणी लावा. ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकदम ताणते. तिथं लगेच पडला तर मित्राचा चांगला एसएमपीएस दिवसभर लावून बघा. एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याएवढं व्होल्टेज राहतं.

तापमानाचा संशय असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम चालू करून त्याची नोंद फाइलमध्ये साठवायला लावा, मग खेळा. पडल्यावर फाइलची शेवटची ओळ वाचा. प्रोसेसर पंचाण्णव-शंभरला टेकला असेल तर कूलर सैल आहे, पंखा थांबलाय किंवा धूळ दाटलीय. सत्तर-ऐंशीच्या घरात असेल तर गरमीचा नाद सोडा. आजकालचे प्रोसेसर आणि कार्ड तापले की आधी वेग कमी करतात, बंद पडणं ही अगदी शेवटची पायरी. म्हणून पडण्याआधी गेम अडखळत होता का, हे आठवून बघा.

धुळीबद्दल मात्र थोडं थांबतो, कारण आमच्या भागातली धूळ साधी नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या शेडच्या ऑफिसांतले पीसी मी उघडतो तेव्हा पंख्याच्या पात्यावर करड्या रंगाची मऊ लव असते. चुंबक फिरवला तर ती त्याला चिकटते. ग्राइंडिंगचं लोखंड आहे ते. तेलकट वाफेबरोबर बोर्डावर बसलं की वीज वाहून नेतं. उसाच्या हंगामात कुठं कुठं गच्चीवर काळी राख पडते, तीही खिडकीजवळच्या कॅबिनेटमध्ये जाते. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी सफाई हवीच. पण कारखान्यातली कॉम्प्रेसरची हवा मारू नका! तिच्यात पाणी आणि तेल असतं, आणि जोर एवढा की पंखा भन्नाट फिरून बेअरिंग जातं. छोटा ब्लोअर, मऊ ब्रश, आणि पंख्याचं पातं बोटानं धरून.

स्क्रीन काळी, आवाज चालू, आणि नोंदींत 'डिस्प्ले ४१०१': कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं ड्रायव्हर पुन्हा चालू केला. आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये कार्डाचा वेग वाढवला असेल तर मूळ जागी आणा. विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या प्रोग्रॅमनं जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाका. नवा टाकल्यापासूनच त्रास असेल तर आधीचा टाका. तरीही तेच, तर कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघा. कार्ड खराब म्हणायची वेळ तेव्हा येते, आधी नाही.

एकच गेम पडतो, बाकी सगळे चालतात: स्टीममध्ये (जिथून गेम घेता त्या ॲपमध्ये) त्या गेमच्या फाइली व्हेरिफाय करा, आणि मित्रांचाही पडतो का विचारा.

इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्यांसाठी वेगळी सूचना. या प्रोसेसरना जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू झिजत होते, हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून दुरुस्तीचा मायक्रोकोड (बायॉसमधून प्रोसेसरला मिळणारा छोटा प्रोग्रॅम) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यात फसवणारी गोष्ट ही, की गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश देऊन बंद पडायचा, आणि लोक विनाकारण ग्राफिक्स कार्डाच्या मागं लागायचे. मदरबोर्डचं नवं बायॉस टाका. झिजलेला प्रोसेसर मात्र त्यानं बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो. बायॉस टाकताना वीज गेली तर बोर्ड मरू शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय त्याला हात लावू नका. पाण्याच्या वारी तर नकोच.

जुने भाग विकत घेणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर लक्षात ठेवावा. पुराच्या पाण्यात बुडून वाळवलेले बोर्ड आणि एसएमपीएस काही दिवस चालतात. स्क्रूच्या डोक्यांवर गंज, सॉकेटच्या कोपऱ्यात वाळलेल्या चिखलाची पांढुरकी रेघ दिसली तर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

भाच्याच्या नव्या यूपीएसवर मी मार्करनं बॅटरीची तारीख लिहून ठेवली आहे. महिन्यातून एकदा तो गेमच्या मेनूवर थांबून यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करतो आणि मिनिटं मोजतो. पहिल्या महिन्यात सात मिनिटं आली होती, गेल्या महिन्यात साडेसहा. चारच्या खाली गेली की बॅटऱ्या बदलायच्या, असं आमचं ठरलंय. आकडे वहीत आहेत, पाण्याच्या तारखांच्या खालच्याच पानावर.